घरगुती हिंसाचार कायद्यातला संरक्षण आदेश: दोन गणपती वापरून बघितला, ५ पैकी ३ स्टार

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, मी कोर्टाच्या कागदाचा टाकतेय. मला हवा होता तेव्हा कुणीच धड सांगितलं नाही. एक तर वकील सांगणार "मॅडम एकदम स्ट्राँग कायदा आहे" नाहीतर बायका सांगणार "काय उपयोग नाय गो". दोघंही अर्धं बरोबर.

मी सिंधुदुर्गातली, तालुका लिहीत नाही. लग्न करून डोंबिवलीला गेले, २०२२ च्या शेवटी मुलीला घेऊन माहेरी आले ते परत गेलेच नाही. कारणं लिहीत बसत नाही, ज्याला समजायची त्याला समजतील. आता आगळ आणि आमसुलं करून विकते.

पहिली चांगली गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. अर्ज डोंबिवलीला जाऊन करावा लागत नाही. तुम्ही जिथे राहताय, अगदी तात्पुरत्या माहेरी असाल तरी, तिथल्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो, आणि आदेश झाला की तो अख्ख्या भारतात चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे खर्च. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आम्हाला आधी एकाने वीस हजार सांगितले होते, असो.

वेळेचं काय विचारू नका. २००५ च्या कायद्यात लिहिलंय की अर्ज आला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा. "प्रयत्न" हा शब्द नीट वाचा. आमची नोटीस दोनदा "इसम पत्त्यावर मिळून आला नाही" म्हणून परत आली, इसम म्हणजे माझा नवरा, त्याच पत्त्यावर बसून मला नवनवीन सिमवरून फोन करत होता. शेवटी वकीलबाईंनी कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश मागितला, म्हणजे समोरचा नसतानाही कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं, आणि तो मे २०२३ मध्ये मिळाला. हा पर्याय पहिल्याच दिवशी मागायचा असतो हे मला अडीच महिन्यांनी कळलं, तुम्हाला आत्ता सांगतेय.

आदेश हातात आला तेव्हा आईने चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "बाये, ह्या कागदान तुझो जीव वाचतलो काय गो?" मला राग आला होता तेव्हा.

पण प्रश्न बरोबर होता. आदेशात होतं की त्याने माझ्या घरी यायचं नाही, मुलीच्या शाळेत जायचं नाही, फोन मेसेज काही करायचं नाही. कोर्टाच्या डोक्यात माणूस डोंबिवलीत आहे, पाचशे किलोमीटर लांब. पण सासर आमच्यापासून सहा किलोमीटरवर आणि गणपतीला न येणारा चाकरमानी कोकणात कुणी बघितलाय का? आला. त्याच्या घरी गणपती, त्याला कोण अडवणार. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळेला आमच्या गडग्याच्या पलीकडे रस्त्यावर बाईक लावून उभा. आत पाय टाकला नाही. नुसता उभा, सिगरेट ओढत, तासभर. बाबा गेले विचारायला तर म्हणे रस्ता सरकारी आहे.

११२ ला फोन लावला. रेंज फक्त मागच्या पडवीत, तिथे उभं राहून त्या बाईला आमची वाडी समजावताना निम्मा वेळ गेला, पण गाडी आली, चाळीस मिनिटांत, गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं म्हणजे मी पूर्ण मार्क देते. तोवर तो गेलेला. आलेले हवालदार म्हणाले सणासुदीचं कशाला वाढवता, आणि आदेशाची प्रत ठाण्यात आलेली दिसत नाही. कायद्यात स्पष्ट आहे की प्रत दोन्ही पार्ट्यांना आणि त्या हद्दीतल्या ठाण्याला फुकट द्यायची. कुठे अडकली देवाला माहीत. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन बोळवण.

मग मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. दहा झेरॉक्स काढल्या. एक ठाण्यात स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली, शिक्क्यासकट. एक पोलीस पाटलांना, एक शाळेत मुख्याध्यापक बाईंना, एक त्याच्या डोंबिवलीच्या ठाण्याला पोस्टाने रजिस्टर. वकीलबाईंनी अर्ज देऊन आदेशाची भाषाही बदलून घेतली, "घर आणि घरासमोरचा रस्ता, शाळा, आठवडा बाजारातली माझी विक्रीची जागा, त्याने किंवा त्याच्या वतीने इतर कुणी संपर्क करू नये". हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण तोवर तो सासूच्या फोनवरून बोलायला लागला होता.

शिमग्याला परत आला. यावेळी बाजारात, माझ्या बरण्यांसमोर. मी काही बोलले नाही, पोलीस पाटील काकांना मिस्ड कॉल दिला. ठाण्यात तोवर नवीन मॅडम आलेल्या, त्यांनी कलम ३१ नि ३२ उघडून बघितलं, आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात) आणि अजामीनपात्र, आणि त्याला बाजारातूनच उचलला. दुसऱ्या दिवशी कोर्टाने जामीन दिला, अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नसतं, पण ती एक रात्र त्याला पुरली. केस चालूच आहे. त्यानंतरच्या गणपतीला गावात आला होता म्हणे, आमच्या वाडीकडे फिरकला नाही.

म्हणजे कागद तोच, कलमं तीच. गणपतीत फुसका आणि शिमग्यात चालला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक नावाच्या गावात १९९९ मध्ये एका बाईकडे असाच आदेश होता, नवरा तिन्ही मुलींना घेऊन गेला, ती रात्रभर पोलिसांकडे खेपा घालत राहिली, सकाळपर्यंत मुली मेलेल्या. २००५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांनी आदेश राबवलाच पाहिजे असा घटनेने दिलेला हक्क तिला नाही. हे मी पडवीत बसून वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता एक स्टार सरळ कापला त्याचं कारण. माझ्याकडे आमसुलं भरायला येणाऱ्या पोरीच्या मागे एकजण लागला, वर्षभर, एसटीत, बाजारात, इन्स्टावर. तिला वाटलं माझ्यासारखा आदेश घेऊ. मिळत नाही! हा कायदा फक्त घरगुती नात्याला, म्हणजे नवरा, लग्नासारखं एकत्र राहणं, रक्ताचं नातं वगैरे. परका माणूस असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलागाचं, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा पण जामीनपात्र, म्हणजे तो संध्याकाळी घरी. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, पण त्यासाठी आधी पहिल्यांदा दोषी ठरायला लागतो ना. मध्ये काय, तर चॅप्टर केस, तहसीलदारांसमोर चांगल्या वागणुकीचा बाँड. तिच्या बाबतीत तेच केलंय, बघू.

दुसरा स्टार त्या सगळ्या धावपळीचा. मला वेळ होता, आईबाबा होते, गाडीवाला भाऊ होता. ज्या बाईला माहेरच नाही तिने दहा झेरॉक्स घेऊन कुठे कुठे फिरायचं?

तरी घ्या. फक्त कपाटात ठेवू नका, वाटा. आणि झेरॉक्स काढायच्या असतील तर आमच्या एसटी स्टँडसमोरच्या काकांकडे, त्यांनी वरचं पान वाचलं, दहाच्या बारा काढल्या आणि पैसे घेतले नाहीत.