एक्सजे-६ की पी-५बी? जुनी ब्रिटिश सलून गाडी घेण्याआधी

रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो आधीच बाजूला ठेवतो. इंग्लंडमधल्या नोकरदार माणसाला ती विकत घेणं आता अगदीच अशक्य राहिलेलं नाही, पण सिट्रोएनच्या परवान्यावर घेतलेली तिची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, यंत्रणा पोसणं हा वेगळाच संसार आहे. मग चामडं, लाकूड आणि क्रोमची हौस फिटावी आणि खिसाही शाबूत राहावा असं वाटणारा माणूस फिरून फिरून दोन जाहिरातींपाशी येतो: जॅग्वार एक्सजे-६ आणि रोव्हर पी-५बी. मीही तिथंच अडलो होतो. एका मित्राची एक्सजे-६, सिरीज टू म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची, ४.२ लिटरची, उन्हाळाभर माझ्याकडे होती. आज दारात पी-५बी आहे. माझा कल कुठे आहे ते एवढ्यावरून कळेलच, ते धरूनच पुढचं वाचा.

चालवायला जॅग्वार सरस, यात वाद नको. १९६८ साली जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी ही गाडी आणली, आणि आजही तुटक्या रस्त्यावर तिच्यात बसलं की खड्डा ऐकू येतो, जाणवत नाही. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झुलतात. रोव्हरला मागे अजून कमानपाटेच आहेत. वळणावर घाई केली तर ती चांगलीच कलंडते आणि आपोआप आपण सावकाश जायला शिकतो. तिचा गियरबॉक्सही तीन गतींचा, बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ऑटोमॅटिक, विचार करून गियर बदलणारा. जॅग्वारमध्ये हाताचा गियर आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाला सावकाश फिरू देणारी जादा गती) असलेली गाडी शोधली तर मिळते. तुम्हाला मुळात गाडी हाकण्यातच सुख असेल, तर पुढचा मजकूर वाचला नाहीत तरी चालेल.

दिसण्याचा प्रश्न आवडीचा. जॅग्वार उभी असतानाही निघाल्यासारखी दिसते. रोव्हर सरकारी दिसते, आणि ती होतीच सरकारी. १९७३ साली उत्पादन थांबलं तरी मंत्र्यांच्या ताफ्यात ती पुढे कित्येक वर्षं राहिली. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या पी-५बीमधूनच. राणी एलिझाबेथकडेही एक होती. या गाडीतून कुणी उतरलं की आता निवेदन करणार असं उगाच वाटतं. आतली बैठक मात्र उंच आणि सरळ. भारतातून आलेली माझी आई साडी सावरत तिच्यात सहज चढते. जॅग्वारमध्ये तिला आत 'उतरावं' लागायचं आणि बाहेर यायला हात द्यावा लागायचा.

खरं तर दोन्ही शेजारणी. जॅग्वार कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनची, रोव्हर सॉलिहलची. १९६८ पासून दोन्ही कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या, आणि पी-५बीच्या मागून येणारी मोठी रोव्हर १९७१ मध्ये कारखान्यातच गुंडाळली गेली. जॅग्वारच्या वाटेत ती येत होती, असं सांगतात.

इंजिनांबद्दल थोडक्यात. जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन १९४८ पासूनच्या घराण्यातलं. देखणं, वजनदार, आणि खाली तेलाचे थेंब ठेवण्याबद्दल प्रसिद्ध. रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ म्हणजे अमेरिकेत ब्यूकने सोडून दिलेलं ॲल्युमिनियमचं इंजिन. हेच पुढे रेंज रोव्हरमध्ये गेलं आणि सुधारत सुधारत लँड रोव्हर डिस्कव्हरीत २००० नंतरही चालत राहिलं. त्यामुळे ते उघडायला न घाबरणारा मेकॅनिक गावोगाव सापडतो. जॅग्वारचे मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीला) लागून असतात. पॅड स्वस्त, मजुरी महाग.

पण माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. तो पेट्रोलपंपावर झाला.

एक्सजे-६ ला पेट्रोलच्या दोन टाक्या असतात, मागच्या दोन पंखांत, म्हणजे मागच्या चाकांजवळच्या बाजूच्या पत्र्यांत, एकेक. दोन झाकणं, दोन तोंडं, आणि कुठल्या टाकीतून प्यायचं ते ठरवायला डॅशबोर्डवर एक बटण. काटा दाखवतो तो फक्त निवडलेल्या टाकीचा. दोन जावई एकाच दिवशी जेवायला यावेत तसा प्रकार: दोघांना वेगवेगळं वाढा, आणि कोण उपाशी राहिला ते तुम्हीच लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही म्हणून कमी इथेनॉलचं, महागातलं ई-५ घ्यावं लागतं, आणि ते प्रत्येक पंपावर असतंच असं नाही. ते शोधायचं, डावी बाजू भरायची, मग एक तर नळी डिकीवरून ओढायची (रंगाला घासते, थेंब सांडतो) किंवा गाडी वळवून पुन्हा रांगेत यायचं. मागचा व्हॅनवाला तोवर बघत असतो. शिवाय झाकणाभोवतीच्या खळग्यातलं पावसाचं पाणी वाहून नेणारी बारीक नळी कचऱ्याने तुंबते आणि टाकी गंजायला लागते. या वयाच्या गाड्यांत ही तक्रार जुनीच आहे. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून एवढी देखणी गाडी नाकारायची? असेलही माझं मन कोतं. पण डिफरन्शियल वर्षात एखाद्या वेळी आठवतं, टाकी दर रविवारी आठवते.

गंज दोघींनाही सुटलेला नाही. रोव्हरचे सिल (दारांखालच्या पट्ट्या) आणि मागच्या कमानपाट्यांच्या बैठका बघा. जॅग्वारचा पुढचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई), चाकांच्या कमानी आणि मागच्या रेडियस आर्मची (मागचा सांगाडा गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याची) बैठक. 'उत्तम राखलेली' या शब्दांपेक्षा बिलांची फाइल वाचा. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारमान्य तपासणीची, सक्ती बहुधा नसते, तरी २००५ पासूनच्या तपासण्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. मालकाने सक्ती नसतानाही तपासणी करून घेतली असेल, तर मी त्या गाडीला अर्धी पसंती तिथेच देतो. रोव्हरमध्ये कूपे मिळाली तर दिसायला ती झकास, पण छत बुटकं आहे. मागे मोठी माणसं बसणार असतील तर सलूनच बरी.

आणि जॅग्वार बघायला गेलात, तर चक्कर मारताना मालकाला म्हणा, पंपावर थांबू, दोन्ही टाक्या भरू, पैसे मी देतो. भरणं मात्र स्वतः करा. त्यानंतरही ती हवीशी वाटली, तर खुशाल घ्या.