ड्रीमवर्ल्ड, गोल्ड कोस्ट: एका मेन्टेनन्सवाल्याने पाहिलेलं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्ड या अम्युझमेंट पार्कात मी जेमतेम दोन राइड्समध्ये बसलो. गुडघा परवानगी देत नाही आणि आमची ही तर त्याहून देत नाही. तेव्हा कुठल्या राइडला पोटात किती मोठा गोळा येतो हे वाचायचं असेल तर दुसरा रिव्ह्यू बघा. मी भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं मेन्टेनन्सला होतो. कन्व्हेयर, पंप, मोटरी, गिअरबॉक्स. रिटायर होऊन दीड वर्ष झालं. मुलगा ब्रिस्बेनला असतो, त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलोय. नोकरी सुटली तरी कान काही सुटलेले नाहीत. कुठलंही मशीन चालू दिसलं की मी आधी बेअरिंगचा आवाज ऐकतो.

आम्ही दोनदा गेलो. एकदा शनिवारी मुलगा आणि नातू अर्णव यांच्याबरोबर, आणि एकदा गुरुवारी आम्ही दोघंच. ब्रिस्बेनहून ट्रेनने कूमेरा, तिथून पुढे बस. इथल्या क्वीन्सलँड राज्यात ऑगस्ट २०२४ पासून सरकारी बस-ट्रेनने कितीही लांब जा, तिकीट ५० सेंट, म्हणजे तीसेक रुपये. हिला ते इतकं आवडलं की दुसऱ्या खेपेला पार्क हे निमित्तच होतं.

दुसऱ्यांदा तिकीट काढावं लागलं नाही, कारण मुलाने सगळ्यांचे वर्षाचे पास काढलेत. एका दिवसाच्या तिकिटात थोडी भर घातली की वर्षभराचा पास मिळतो, मग एका दिवसाचं तिकीट काढतो कोण? मला हिशोबच लागेना. गिऱ्हाईक एकदा पैसे देणार आणि बारा महिने येऊन बसणार, तेही घरून डबा घेऊन. आमच्यासारखं. पण मुलगा म्हणाला, बाबा, इथे माणसंच किती आहेत? अख्खा देश भारताच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती पावणेतीन कोटींच्या आसपास. महाराष्ट्रात त्याच्या चौपट माणसं असतील. नवीन गिऱ्हाईक आणायचं कुठून? मग आहे त्यालाच परत परत बोलवायचं. आणि या एका गोल्ड कोस्टवर ड्रीमवर्ल्ड, मूव्ही वर्ल्ड, सी वर्ल्ड आणि दोन वॉटर पार्क, सगळी तासाभराच्या आत. एकाने नवी राइड आणली की दुसऱ्याला आणावीच लागते.

गुरुवारी हे फार स्पष्ट दिसलं. स्टील तैपान नावाची त्यांची मोठी राइड आहे, जर्मनीच्या माक कंपनीची, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली. ताशी १०५ किलोमीटर. साखळीने वर खेचत नाहीत, चुंबकाच्या जोरावर गाडी पुढे-मागे-पुढे अशी तीनदा फेकतात. मी समोरच्या बाकावर थर्मास घेऊन बसलो होतो. एका फेरीला मोजली तर गाडीत सहा माणसं. पण पॅनेलवर बसलेला मुलगा तोच, लॅपबार, म्हणजे मांडीवरचा दांडा, तपासणाऱ्या मुली तेवढ्याच, रांगेच्या तोंडाशी उंची मोजणारा एक. गाडीत सहा बसोत नाहीतर सगळ्या सीटा भरोत, ही माणसं कमी करता येत नाहीत, आणि करूही नयेत. इथे मोठ्या माणसाचा किमान पगार जुलै २०२५ मध्ये तासाला २४.९५ डॉलर झाला, म्हणजे आपले चौदाशेच्या वर. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दर दुपटीहून जास्त. आणि पार्कात गर्दी होते ती नेमकी सुट्टीच्याच दिवशी.

सकाळी उघडायच्या सुमाराला मी तिथे पोचलो तेव्हा गाडी रिकामीच फिरत होती. एक फेरी, मग थांबा. पुन्हा एक फेरी. पॅनेलशेजारी एक बाई फाइलवर टिक करत होती. तिने खाली वाकून ट्रॅकच्या कडेला काहीतरी बघितलं, मग परत फाइल. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आमच्याकडे सकाळची चेकलिस्ट म्हणजे संध्याकाळी एकदम आठवड्याच्या टिका मारायच्या. मी स्वतः मारल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

आता जे लिहायला हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. २५ ऑक्टोबर २०१६ ला याच पार्कात थंडर रिव्हर रॅपिड्स या पाण्याच्या राइडवर अपघातात चार जणांचा जीव गेला. १९८६ ची राइड. गोल तराफ्यात बसायचं, कृत्रिम नदीतून वाहत यायचं आणि शेवटी एक कन्व्हेयर तराफा वर उचलून उतरायच्या जागी आणतो. मुलाने सांगितलं म्हणून मी कॉरोनरचा, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल त्याच्या लॅपटॉपवर थोडा थोडा वाचला. मला इंग्रजी सावकाश वाचावं लागतं, पण हा विषय माझाच होता.

पाणी फिरवणारा एक पंप त्या दिवशी आधी दोनदा ट्रिप झाला होता. रिसेट मारून राइड परत चालू केली. दुपारी तिसऱ्यांदा बंद पडला. पंप गेला की पाणी झपाट्याने उतरतं. पुढचा तराफा कन्व्हेयरच्या तोंडाशी लोखंडी रुळांवर टेकून अडकला आणि मागून दुसरा कन्व्हेयरवरून येऊन त्याच्यावर आदळला. कन्व्हेयरच्या बऱ्याच फळ्या पूर्वीच काढून टाकलेल्या, त्यामुळे मधे मोठ्या फटी. पाण्याची पातळी उतरली की आपोआप सगळं थांबेल असा सेन्सर नव्हता. अशा सेन्सरला खर्च काही हजार डॉलर. कन्व्हेयर झटकन थांबवणारं बटण उतरण्याच्या जागेपाशी होतं, पण ते दाबल्यावर काय होतं हे तिथे उभ्या असलेल्या मुलीला नीट सांगितलेलंच नव्हतं. त्या जागेवरचा तिचा तो पहिला दिवस.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण ‘रिसेट मारला’ हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हटलेत त्याला गणती नाही. ट्रिप झाला? मार रिसेट. परत झाला? मार परत, शिफ्ट काढू, रविवारी बघू. एका कारखान्यात, नाव नको, आमच्या डोळ्यांदेखत एका पोराची दोन बोटं कन्व्हेयरच्या टेल पुलीत, म्हणजे शेवटच्या टोकाच्या रोलरमध्ये, गेली. गार्ड काढून ठेवलेला होता, कारण साफसफाईला सोयीचा पडत नव्हता. मशीन आपोआप थांबवणाऱ्या लिमिट स्विचला तार बांधून बायपास केलेला. कुणी बांधली ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि लॉगबुकात काहीच नव्हतं.

इथे फरक एवढाच की पुढे काहीतरी झालं. ती राइड पुन्हा कधी सुरू झाली नाही, पाडून टाकली. सप्टेंबर २०२० मध्ये पार्क चालवणाऱ्या आर्डेंट लेझर कंपनीला ३६ लाख डॉलर दंड झाला. हलगर्जीपणाने कामगाराचा जीव गेला तर वरच्या साहेबालाही तुरुंगात घालता येईल असा कायदा क्वीन्सलँडने २०१७ मध्ये केला. मग २०१९ मध्ये मोठ्या पार्कांसाठी परवाना आणि अख्ख्या सुरक्षाव्यवस्थेचा लेखी आराखडा सक्तीचा झाला, आणि दर दहा वर्षांनी राइडची मोठी तपासणी. आपल्या भाषेत ओव्हरहॉल. म्हणजे नवी राइड घ्यायची तर त्या पैशांत तिची पुढची दहा वर्षंही धरायची. लोकांना दिसतं उद्घाटन. गिअरबॉक्स उघडून क्रॅक टेस्ट करायला बिल येतं त्याची रिबीन कुणी कापत नाही.

म्हणून या पार्काला माझ्याकडून सगळ्यात जास्त मार्क कशाला, तर त्यांच्या वेबसाइटवरच्या एका कंटाळवाण्या यादीला. कुठली राइड कुठल्या तारखांना देखभालीसाठी बंद आहे ते आधीच लिहिलेलं असतं. त्याखाली लोक चिडून काय काय लिहितात, पैसे देऊन बंद राइड बघायला यायचं का वगैरे. अहो, तीच तर वाचायची गोष्ट आहे. बाजूच्याच दुसऱ्या एका पार्कात (नाव घेत नाही) आम्ही रांगेत असताना राइड थांबली. एकदम पंचावन्न मिनिटं. दोन तंत्रज्ञ हेल्मेट घालून आले, पायऱ्यांनी वर गेले, खाली आले, रिकामी गाडी चारदा फिरवली. सगळे वैतागले, माझा मुलगासुद्धा. मी मात्र मनातल्या मनात त्या दोघांना चहा पाजला. कारण माहीत नसताना मशीन लोकांसाठी परत चालू करायचं नाही, हे सांगायला बाहेर दोनशे माणसं उभी असताना हिंमत लागते. माझ्यात ती दर वेळी नव्हती.

ड्रीमवर्ल्ड स्वतः १९८१ चं. म्हणजे आपल्या एस्सेलवर्ल्डच्या आठ वर्षं आधीचं. एस्सेलवर्ल्ड २०२२ ला बंद झालं. गोराईच्या बोटीतून पोरांना घेऊन गेलो होतो ते अजून आठवतं, तिथल्या राइड्स मी तेव्हा याच नजरेने बघितल्या असत्या तर बहुतेक परतीची बोट पकडली असती. सिडनीचंही तेच. पन्नास लाखांच्या वर वस्तीच्या शहरात वंडरलँड नावाचं मोठं पार्क होतं, १९८५ ला उघडलं, २००४ ला टाळं. २००१ मध्ये एचआयएच ही विमा कंपनी बुडाली आणि सगळ्या देशात सार्वजनिक जागांचा विमा महाग झाला, अनसेट एअरलाइन त्याच वर्षी बसली, मग बालीचे बॉम्बस्फोट, सार्सची साथ. पर्यटकच येईना. सिडनीत तशा तोडीचं पार्क त्यानंतर उभं राहिलेलं नाही. ड्रीमवर्ल्डही मार्च २०२० ला बंद झालं ते सप्टेंबरात उघडलं, आणि तेव्हा राज्याच्या सीमाच बंद होत्या. अपघात, दंड आणि वर कोरोना, एवढं होऊन ते उभं आहे याचंच मला नवल वाटतं. आर्डेंट कंपनीने अमेरिकेतला धंदा २०२२ मध्ये विकला, पुढच्या वर्षी नाव बदलून कोस्ट एंटरटेनमेंट केलं आणि पैसा इथल्या पार्कात घालायला घेतला.

तो पैसा कुठे गेला ते बघायचं तर रिव्हरटाउनमध्ये जा. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला भाग. झाडं अजून अंगाने भरायची आहेत, पण काम निगुतीने केलंय. जंगल रश ही तिथली राइड हॉलंडच्या व्हेकोमाची. म्हणजे हॉलंडहून जहाजाने आली, आणि उद्या एखादा सुटा भाग लागला तर तोही तिकडूनच येणार. चाकणमध्ये जर्मन मशीनच्या एका सीलसाठी आम्ही किती दिवस लाइन थांबवून ठेवली होती ते मला विचारा. या राइडमध्ये मी बसलो, अर्णवशेजारी. तो ओरडत होता, मी खालच्या चाकांचा आवाज ऐकत होतो. एकसारखा, कुठे खरखर नाही. उतरल्यावर अर्णव म्हणाला, “आजोबा, तुम्ही डोळे का मिटले होते?” घाबरून नव्हते मिटले. थोडे घाबरूनही असतील.

तो उंच मनोरा दिसेल त्याच्याकडेही बघा. ११९ मीटरवरून सोडणारी जायंट ड्रॉप १९९८ ची. त्याच मनोऱ्यावर टॉवर ऑफ टेरर नावाची राइड होती, ताशी १६० किलोमीटरची, ती २०१९ मध्ये निवृत्त केली. जुनं झालं की काढायचं, हे इथे जमू लागलंय असं दिसतं. वाघ आहेत, कोआला आहेत. कोआलाच्या कुंपणापाशी ही अर्धा तास हलली नाही. तो झोपलेला होता, ही बघत होती. दोघंही सुखात.

जाणार असाल तर शाळेच्या सुट्ट्या टाळा, ती बंद राइड्सची यादी आणि उघडं असण्याचे दिवस आधी बघा, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, इथलं ऊन आपल्यापेक्षा चावरं आहे. सकाळी गेट उघडतानाच पोचा, रिकाम्या गाड्या फिरताना दिसल्या तर दोन मिनिटं थांबा. डबा न्या. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. झाडाखाली बसलो तर लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा पक्षी, आयबिस म्हणतात त्याला, हिच्या हातातली दशमी ओढून घेऊन गेला. चटणी लागलेला तुकडा मात्र त्याने वाटेतच टाकला.