बाबांची स्पीच थेरपी : ३ महिन्यांचा अनुभव, ४ स्टार

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदमच गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून फक्त 'हे हे' यायचं. मला वाटायचं हाताचं वेगळं आणि बोलण्याचं वेगळं. इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मेंदूचं चित्र काढून दाखवलं की ओठ, जीभ, उजवा हात हलवणारा पट्टा आणि बोलणं जुळवणारा ब्रोकाचा भाग डाव्या बाजूला अगदी शेजारी शेजारी असतात, रक्त पुरवणारी मोठी धमनीही एकच, म्हणून दोन्ही सोबत गेलं. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने ज्या पेशंटवरून हा भाग दाखवला तो माणूस जवळजवळ 'तान' एवढंच म्हणू शकायचा, हे ऐकताना बाबा सारखी मान हलवत होते, मला भरून आलं.

बाबांची जीभ लुळी नव्हती हो, जेवताना नीट फिरायची. अडायचं ते कुठली हालचाल आधी, कुठली नंतर हे जुळवताना. साधं 'पाणी' म्हणायचं तर ओठ मिटून उघडायचे, मग जिभेचं टोक वर वळवायचं आणि त्याच वेळी आवाज नाकातूनही सोडायचा, आपण हे कधी लक्षातच घेत नाही! मॅडम डाव्या हाताने टेबलावर ताल धरायला लावायच्या, एका अक्षराला एक थाप, आणि शब्द सुरात म्हणवून घ्यायच्या, पाऽ णीऽ. ही पद्धत १९७३ पासूनची आहे, मेंदूच्या शाबूत उजव्या बाजूला कामाला लावायचं ही त्यामागची कल्पना. तिसऱ्या आठवड्यात बाबा 'पाणी' म्हणाले, थाप मारतच म्हणाले, पण म्हणाले.

एक स्टार कापला कारण दुसऱ्या महिन्यात न सांगता थेरपिस्ट बदलले आणि नवीन आले ते नुसती चित्रांची कार्ड दाखवून नाव विचारायचे, हात नाही सूर नाही, बाबा चिडून तोंड फिरवायचे. दोनदा तक्रार केली तेव्हा मॅडम परत मिळाल्या. त्यात १० दिवस वाया गेले आणि स्ट्रोकनंतरच्या पहिल्या महिन्यांत १० दिवस खूप असतात.

आता लहान लहान वाक्यं येतात, थाप कधी लागते कधी नाही. जाणार असाल तर आधीच विचारून घ्या की थेरपिस्ट शेवटपर्यंत एकच राहणार का, आणि घरातल्या एकाला सेशनमध्ये बसू द्या म्हणावं, ताल कसा धरायचा ते बघितल्याशिवाय घरी जमत नाही.