पावसाळ्यातल्या कृष्णेपुढे २५ मिलिमीटरचा सिरींज फिल्टर

पाण्यातले विरघळलेले धातू मोजायचे तर ०.४५ मायक्रॉनचा, पॉलिइथरसल्फोन या प्लॅस्टिकच्या पडद्याचा, सिरींजच्या टोकाला लावायचा २५ मिमी सिरींज फिल्टर हाताशी असतोच. जत-आटपाडीकडच्या बोअरच्या नितळ पाण्याला तो उत्तम. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर श्रावणात भरलेल्या बाटलीला मात्र पुरा पडत नाही, आणि पुरा पडला नाही हे रिपोर्टवर कुठे दिसतही नाही.

अडचण पडद्याच्या क्षेत्रफळाची आहे. जेमतेम चार चौरस सेंटिमीटर. गढूळ पाणी ढकललं की गाळाचा थर बसतो, छिद्रं बुजत जातात आणि ०.४५चा फिल्टर प्रत्यक्षात त्याहून बारीक गाळायला लागतो. सुरुवातीला लोह-ॲल्युमिनियमचे कलिल कण (न विरघळता पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) आरपार जातात, नंतर तेच अडकतात. त्यांना चिकटलेलं शिसंही त्यांच्याबरोबर थांबतं. म्हणजे एकाच बाटलीतले पहिले दहा मिली आणि पुढचे दहा मिली लोहाचे वेगवेगळे आकडे देऊ शकतात. कॅल्शियम-सोडियमला याचा काही फरक पडत नाही, त्यामुळे ते आकडे जुळले म्हणून निर्धास्त राहू नये.

अशा पाण्याला एकाच फिल्टरमधून पन्नास मिली काढायचा हट्ट नको. दट्ट्या जड झाला की फिल्टर बदला, आणि प्रत्येकातून किती मिली गेलं ते नोंदवा. जोर लावून दाबत राहिलात आणि दट्ट्या एकदम हलका झाला, तर पडदा फाटला. तो सगळा गाळ नमुन्यात उतरला, नमुना टाकून द्या. नदीचंच काम जास्त असेल तर सहाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपासचा कॅप्सूल फिल्टर घ्यावा. महाग आहे, पण पावसाळ्यात तोच परवडतो.

स्वच्छतेच्या बाबतीत पाकिटावरच्या ‘स्टराइल’ शब्दाला इथे काही किंमत नाही. जंतू नसले म्हणून जस्त नसतं असं थोडंच आहे. आधी ५ टक्के नायट्रिक आम्ल १० मिली, मग अतिशुद्ध पाणी २० मिली, मग नमुन्याचे पहिले पाच मिली फेकून द्यायचे. गढूळ पाण्यात हे पाच मिलीसुद्धा जड जातात, कारण तेवढ्यात पडदा भरायला लागतो. तिथे आम्ल-पाण्याच्या धुण्यावर भर द्यावा. सिरींजच्या दट्ट्याला काळं रबर असेल तर ती बाजूला ठेवा, रबरातून जस्त सुटतं. पावडरच्या हातमोज्यांचंही तेच. दर खेपेला अतिशुद्ध पाणी त्याच सिरींज-फिल्टरमधून काढून ब्लँक म्हणून मोजावं. ब्लँकमध्ये जस्त दिसलं तर नमुन्यातल्या जस्ताबद्दल बोलू नये.

काचतंतूचा फिल्टर आधी लावून गाळ कमी करायची युक्ती ऐकू येते. धातूंसाठी ती नकोच, त्या काचेतूनच जस्त आणि इतर धातू येतात.

क्रम चुकला की फिल्टर कितीही चांगला असो, उपयोग नाही. आधी गाळणं, मग आम्ल: ५० मिलीला तीव्र नायट्रिक ०.१ मिली, सामू (पीएच) दोनच्या खाली. सामूचा कागद बाटलीत बुडवू नका, झाकणातला थेंब त्यावर टाका. उलट केलं तर आम्ल गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळवतं आणि ते ‘विरघळलेलं’ म्हणून मोजलं जातं. गाळायचंही जागेवरच. लोह असलेलं बोअरचं पाणी हवा लागताच तांबूस होतं. लॅबपर्यंत नेलं तर ते लोह पडद्यावर बसतं, आणि आर्सेनिक असेल तर तेही त्याबरोबर. पांढऱ्या पडद्यावर वीटकरी डाग दिसला की आकडा कमी येणार हे समजून चाला.

पिण्याच्या पाण्याचा दाखला हवा असेल तर हा फिल्टर पिशवीतच राहू द्या. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली शिशाची ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर ही मर्यादा माणूस पितो त्या पाण्याची आहे, आणि माण-खटावच्या गंजक्या हातपंपाचं पाणी कोणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून पीत नाही. त्यासाठी न गाळलेली, आम्ल घातलेली वेगळी बाटली भरावी. लॅबमध्ये आम्ल घातलं असेल तर किमान १६ तास ठेवून मगच मोजावी.