लाल पट्टीचा डायमंड बर: नऊ महिने वापरल्यानंतर

नवी कॅप बसवल्यावर पेशंटने दात मिटून "डॉक्टर, इथं उंच लागतंय" म्हटलं की माझा हात हिरव्या पट्टीच्या बरकडे (बर म्हणजे दातांच्या ड्रिलला लावायचं, हिऱ्याचे कण बसवलेलं टोक) जायचा. झिरकोनिया (कॅपसाठीचं एक सिरॅमिक) कडक, मग बरही तसाच खरखरीत हवा, असा माझा वर्षानुवर्षांचा समज होता. दाढेवरच्या एका लिथियम डायसिलिकेटच्या (हेही सिरॅमिकच) कॅपने तो मोडला. हाय पॉइंट हिरव्या बरने उतरवला, घाईत पॉलिशिंगचं एकच रबर फिरवलं आणि पेशंटला घरी पाठवलं. पुढच्या तपासणीला आला तेव्हा कॅपवर टेकणाऱ्या समोरच्या दाढेच्या इनॅमलवर घासल्याची सपाट चकती स्पष्ट दिसत होती. ती मला फार लागली. निरोगी दात माझ्यामुळे झिजला होता. तेव्हापासून सिरॅमिकची बाईट, म्हणजे दात मिटल्यावर टेकण्याची उंची, जुळवायला मी लाल पट्टीचाच बर घेतो.

पट्टीचा रंग हिऱ्याच्या कणांचा आकार सांगतो. हिरव्याचे कण साधारण १५० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लालचे ४५च्या आसपास, पिवळ्याचे २५च्या. हिरव्याने पडलेला ओरखडा खोल असतो आणि तो पॉलिशिंगच्या रबराने पूर्ण निघत नाही, फक्त वरून चमकतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की प्लाक (दातावरचा जंतूंचा थर) जास्त चिकटतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. जिभेलाही खडबडीतपणा कळतो. पेशंट दिवसभर तिथंच जीभ फिरवत बसतो.

पण नुसता रंग बघून बर घेऊ नका, ही चूक मी पहिल्या दोन महिन्यांत केली. साध्या बरमध्ये हिऱ्यांचा एकच थर निकेलने बसवलेला असतो. झिरकोनियावर ते कण भराभर निखळतात, बर गुळगुळीत होतो आणि आपण नकळत दाब वाढवतो. दाब वाढला की उष्णता वाढते. घासण्याच्या ताणाने झिरकोनियाच्या वरच्या थरातले स्फटिक रूप बदलतात, आकारमानाने चार-पाच टक्के फुगतात, आणि घासण्याने पडलेल्या सूक्ष्म भेगांची त्यात भर पडते. झिरकोनियासाठी म्हणून बनवलेल्या बरमध्ये कणांची पकड मजबूत असते. ते घेतल्यावर फरक हातालाच जाणवला: दाब न देता, पिसासारखा फिरवला तरी काम होतं. बोथट झालेला बर लूपमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) ओळखता येतो, कणांच्या जागी चकचकीत धातू दिसायला लागतो. तसा दिसला की मी टाकून देतो.

लिथियम डायसिलिकेटला तर बारीक बरची गरज अधिकच. त्याची ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास, झिरकोनियाची हजारच्या पुढे जाते. सिमेंट करण्याआधी, खाली आधार नसताना, पातळ कडेजवळ खरखरीत बर लावला तर कपचा उडालाच समजा. म्हणून असल्या कॅपची बाईट मी सिमेंट केल्यानंतरच जुळवतो.

हवेवर फिरणारा एअररोटर की इलेक्ट्रिक हँडपीस? दाब पडला की एअररोटर मंदावतो. इलेक्ट्रिकवरच्या लाल पट्टीच्या १:५ काँट्रा-अँगलचा (मोटरचा वेग पाचपट करणाऱ्या हँडपीसचा) वेग मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंतच जातो, पण तो टिकून राहतो आणि बर थरथरत नाही. (हँडपीसवरची लाल पट्टी वेगळी, बरवरची वेगळी, नवख्या असिस्टंटचा इथं हमखास गोंधळ होतो.) मिनिटाला निदान ५० मिली पाणी हवं. एकदा पेला धरून मोजून बघा. माझ्या हँडपीसचं एक छिद्र बुजलेलं होतं, ते मोजल्यावरच कळलं.

बरच्या आकारात फुटबॉल (दोन्ही टोकांना निमुळता) सगळ्यात कामाचा: दाढेच्या उतारांना आणि पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला तो नीट बसतो. खळग्यासाठी छोटा गोल. शेजारच्या दाताशी असलेला काँटॅक्ट घट्ट असेल तर मात्र बर लावतच नाही. तिथं रबर व्हील. काँटॅक्ट एकदा उघडला की अन्न अडकतं आणि कॅप परत करावी लागते.

खूण नीट उमटली नाही तर उत्तम बरही चुकीच्या जागी फिरतो. ग्लेझवर, म्हणजे कॅपच्या काचेसारख्या वरच्या लेपावर, चावून खूण उमटवायच्या कागदाचा रंग धरत नाही. आधी हवा मारून कोरडं करा, कागदाला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या. मी ४० मायक्रॉनच्या कागदाने जागा शोधतो आणि शेवटी ८ मायक्रॉनच्या शिमस्टॉक फॉइलने खात्री करतो.

शेवटी हिरेमिश्रित रबरं, दोन टप्प्यांत, मायक्रोमोटरवर, रबराच्या पाकिटावर लिहिलेल्या वेगातच. पहिला टप्पा कंटाळवाणा, पण खरं काम तिथंच होतं; ओरखडे त्यातच जायला हवेत. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला कमी झिजवतो, ग्लेझ काही काळाने उडून जातं. त्यामुळे परत ग्लेझला पाठवण्यापेक्षा मला हे पटतं.

तक्रारी आहेतच. लाल बर हळू कापतो. जुनी झिरकोनियाची कॅप कापून काढायला किंवा तिच्यातून रूट कॅनालची वाट करायला तो निरुपयोगी, तिथं खरखरीतच लागतो. बारीक कणांत भुकटी लवकर साचते. ओल्या ब्रशने आणि अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करूनच निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला टाकावा लागतो. आणि कॅप फारच उंच आली असेल तर लाल बरने घासत बसू नये. तेवढी जाडी उतरवून कॅप पातळ करण्यापेक्षा मी ती लॅबला परत पाठवतो, पेशंटला एक फेरी जास्त पडली तरी.