विमानाच्या रिफंडच्या नावाखाली १,३८,५०८ रुपये गेले : तिकीट रद्द झालेल्या प्रत्येकाने वाचावे

विमान रद्द झाले असेल आणि तिकिटाचे पैसे परत मिळायचे असतील, तर इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कोणत्याही ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करू नका, मग तो क्रमांक शोधात सर्वांत वर दिसत असो किंवा त्याच्याशेजारी कंपनीचे बोधचिन्ह असो. कंपनीचा खरा क्रमांक तिच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा तिकिटाच्या ई-मेलमध्ये असतो. मला हे सांगायला कोणी नव्हते, म्हणून मी सविस्तर लिहीत आहे.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर काय गोंधळ उडाला होता, हे सर्वांना आठवत असेल. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या लँडिंगवरील मर्यादेचे नवे नियम लागू झाले, त्यांच्यासाठी पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक विमाने रद्द झाली. त्यांतच आमचे पुणे-नागपूर विमान होते. चौघांच्या तिकिटांचे २३,६४० रुपये मी डेबिट कार्डाने भरले होते. भाच्याचे लग्न तोंडावर आलेले, त्यामुळे खासगी ट्रॅव्हल्सच्या बसला १४,००० रुपये मोजून आम्ही नागपूर गाठले. कंपनीच्या ॲपवर रिफंडचे पान उघडत नव्हते आणि तिथल्या क्रमांकावर नुसते संगीत वाजत राही. अशा वेळी माणूस दुसरा क्रमांक शोधणार नाही तर काय करणार?

७ डिसेंबरला, रविवारी, घरात हळदीची गडबड सुरू असताना मी इंटरनेटवर शोधून सापडलेला दुसरा क्रमांक लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत, अतिशय आदराने बोलत होता. त्याने पीएनआर आणि आडनाव विचारले आणि क्षणभरात आम्हा चौघांची पूर्ण नावे, आसन क्रमांक आणि भरलेली रक्कम वाचून दाखवली. माझी खात्री पटली ती इथे. पीएनआर आणि आडनाव हाती असले की कोणालाही कंपनीच्या संकेतस्थळावर आपले बुकिंग उघडता येते, हे मला नंतर कळले. म्हणून बोर्डिंग पासचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका आणि पीएनआर कोणाला सांगू नका.

त्याची पुढची वाक्ये मला शब्दशः आठवतात. “मॅडम, रिफंड तुमच्या त्याच कार्डावर येणार आहे, काळजी करू नका. फक्त सरकारने आज रात्री आठपर्यंतची मुदत दिली आहे, त्याआधी फॉर्म भरा.” मुदतीची बातमी खरीच होती. केंद्र सरकारने अडकलेले सर्व रिफंड ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्यास सांगितले होते, पण ते विमान कंपनीला, प्रवाशांना नव्हे. कंपनीवर घातलेली मुदत त्याने माझ्या डोक्यावर टांगली आणि ती बातमी मी सकाळीच वाचलेली असल्याने त्याच्या तोंडी ती मला पुरावाच वाटली. त्याहून जिव्हारी लागते ते पहिले वाक्य. पैसे ज्या कार्डाने भरले त्याच कार्डावर ते परत येणार, असे तो स्वतःच सांगतो आणि लगेच त्या कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मागतो. ज्याला पैसे त्याच वाटेने परत पाठवायचे आहेत, त्याला माझ्याकडून कार्डाचे आकडे कशाला हवेत? हा एक प्रश्न मनात आला असता तर तिथेच सारे थांबले असते. मी रात्रंदिवस त्या वाक्यापाशी जाऊन अडते. मात्र घरात पाहुणे, हातात उघडा फोन, कानाशी सभ्य आवाज आणि समोर आठची मुदत असताना हा प्रश्न किती जणांना सुचला असता, हेही मला विचारायचे आहे.

त्याने व्हॉट्सॲपवर ‘रिफंड फॉर्म’ नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवली. ती उघडताच तिने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. फॉर्मवर कंपनीचे चिन्ह, रंग, सर्व काही जसेच्या तसे होते. पडताळणीसाठी १० रुपये कापले गेले. त्यानंतर ४९,९९९, पुन्हा ४९,९९९ आणि शेवटी ३८,५०० रुपये गेले. या तिन्ही व्यवहारांचे ओटीपी मी कोणालाही सांगितले नाहीत, कारण ते त्या ॲपनेच परस्पर वाचून पुढे पाठवले. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाईल कधीही उघडू नका.

पैसे गेल्याचा दुसरा संदेश दिसताच मी बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला. भाषा निवडा, खात्याचा प्रकार निवडा, सोळा आकडे टाका, आपला कॉल महत्त्वाचा आहे, असे चालू असतानाच ३८,५०० रुपये गेले. तक्रार दिल्यानंतर झालेले नुकसान बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. माझी बँक म्हणते की तक्रारीची वेळ म्हणजे तक्रार क्रमांक दिल्याची वेळ, आणि तो क्रमांक तर त्यांच्या माणसाने फोन घेतल्यावर मिळाला! उरलेल्या रकमेबद्दल ‘ग्राहकाने ओटीपी उघड केला’ असे एका ओळीचे उत्तर आले. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकानुसार बँकेची आहे. त्याचा पुरावा मी लेखी मागितला, तर पुन्हा तीच ओळ पाठवण्यात आली. बँक लावायचा तो अर्थ लावो, तुम्ही कार्ड आधी ॲपवरून स्वतः ब्लॉक करा, फोन मागाहून लावा, आणि कॉल लागल्याच्या वेळेचा स्क्रीनशॉट ठेवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर बऱ्याच प्रयत्नांनी फोन लागला आणि पावती क्रमांक मिळाला, हे मान्य करते. पण नागपूरच्या पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की खाते पुण्याचे आहे, पुण्यात जा. पुण्याच्या ठाण्यात सांगितले की फोन नागपुरात आला, गुन्हा तिकडचा. सायबर शाखेने रक्कम ऐकून आधी स्थानिक ठाण्यात जायला सांगितले. हद्द कोणतीही असो, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, ही झीरो एफआयआरची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ म्हणून आहे. ते कलम मी छापून नेले, तर हवालदारांनी कागद न वाचता परत केला. एका सामान्य बाईने कायदा छापून न्यावा आणि ज्याने तो पाळायचा त्याने तो वाचूही नये, याची चीड शब्दांत मांडता येत नाही. शेवटी पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिल्यावर एफआयआर झाला.

विमान कंपनीने ‘तो क्रमांक आमचा नाही’ एवढेच कळवले. तिकिटाचे २३,६४० रुपये मात्र काहीही न करता, फॉर्म न भरता, त्याच खात्यात आपोआप जमा झाले.

गेलेल्या रकमेपैकी २१,३०० रुपये एका खात्यात गोठवले आहेत. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. याच दिवसांत रिफंडच्या नावाखाली कोणाचे पैसे गेले असतील, तर लाजेपोटी गप्प बसू नका, रक्कम लहान असली तरी १९३० वर नोंद करा आणि पावती क्रमांक जपून ठेवा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी जमल्या तरच तपास पुढे सरकतो, असे मला सायबर शाखेतच सांगण्यात आले.