माझाच शाफ्ट मला विकला

गोल्फच्या पटरचा, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीचा, शाफ्ट (दांडा) बदलून घ्यायचं कोणाच्या डोक्यात घोळत असेल, तर आधी हे वाचा. मला अर्धे पैसे परत मिळाले, अर्धे गेले ते गेलेच. पण ज्या पद्धतीने मला गंडवलं ती इतकी साधी आहे की उद्या कोणावरही वापरता येईल, आणि तो माणूस अजून दुकान लावून बसलेला आहे. नाव लिहीत नाही, कारण हातात लेखी काही नाही. ते का नाही, तेही पुढे येईलच.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि पटर होता 35 इंची. म्हणजे उभी राहिले की कोपरं बाहेर, खालच्या हेडचा टो, म्हणजे पुढचं टोक, हवेत, आणि निशाणा होलच्या डावीकडे. कितीतरी दिवस मी मूठ खाली सरकवून खेळत होते. मग ठरवलं की 33 इंची करून घ्यायचा, आणि हात घालतोच आहोत तर शाफ्टही बदलायचा.

शाफ्टचं खूळ कुठून आलं तेही सांगते. पटरचा शाफ्ट म्हणजे स्टीलची नळी, हे इतकी वर्षं गृहीतच होतं. ड्रायव्हरचे, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचे, शाफ्ट कुठल्या कुठे गेले, पटरचा तिथेच. मग 2018 मध्ये बार्नी अ‍ॅडम्स यांनी कार्बन फायबर आणि धातू एकत्र करून पटरसाठी खास ताठ शाफ्ट आणला, 2019 मध्ये ओडिसी कंपनीने स्ट्रोक लॅब नावाचे शाफ्ट आणले. त्यात वरचा भाग ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन फायबरचाच, खालचं टोक स्टीलचं, आणि नेहमीच्या स्टीलपेक्षा साधारण 40 ग्रॅम हलका. म्हणणं असं की चेंडूला लागताना शाफ्ट कमी पिळला जातो, फेस, म्हणजे हेडची चेंडूला लागणारी बाजू, सरळ राहतो. यात किती खरं आणि किती जाहिरात यावर भांडायला मी कधीही तयार आहे, पण ते भांडण वेगळं. मला हवा होता, एवढं खरं.

ज्याच्याकडे गेले तो भुरटा नव्हता. आमच्या गटातले सगळे ग्रिप (वरची रबरी मूठ) बदलायला त्याच्याकडेच जातात आणि ते काम तो सुरेख करतो. टेप, सॉल्व्हंट, ग्रिपचा सपाट भाग फेसशी काटकोनात, सगळं नजरेने जुळवतो. त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. म्हणाला, “मॅडम, नुसता शाफ्ट बदलून फरक कळणार नाही. ग्रिपही घ्या, टोपीत वजन बसतं ती. हात शांत होतात.” आणि टोपीत, म्हणजे वरच्या टोकाच्या झाकणात, 50 ग्रॅमचं वजन असलेली जाड ग्रिप काढून दाखवली.

आणखी एक ग्रिप दाखवली होती, बोटांचे खळगे असलेली. “पटरला काहीही चालतं,” म्हणे. चालत नाही. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांत पटरची ग्रिप गोल नसली तरी चालते, पुढून सपाटही चालते. पण तिचा छेद लांबीभर तसाच आणि सममित राहायला हवा, कुठेही आत खळगा नको, आणि जाडी 1.75 इंचांपेक्षा जास्त नको. हे मला तेव्हा माहीत होतं. मी हसून सोडून दिलं. जो माणूस एका गोष्टीत इतक्या सहज काहीही ठोकून देतो तो दुसऱ्या गोष्टीतही देईल, हे मात्र सुचलं नाही.

त्याने मला काय विचारलं नाही, ते आता आठवून आठवून हसू येतं. शाफ्टच्या टोकाचा व्यास विचारला नाही. बहुतेक पटरना 0.370 इंचाचा शाफ्ट लागतो, काहींना 0.355, चुकीचा आणला तर एकतर बसत नाही, नाहीतर आत खुळखुळतो. शाफ्ट हेडच्या भोकात जातो की हेडवरच्या खुंटीवर बसतो, तेही पाहिलं नाही. माझ्या हेडला पुढे काढलेली मान आहे म्हणून सरळ शाफ्ट चालतो. पण बऱ्याच मॅलेटना, म्हणजे मोठ्या हेडच्या पटरना, वाकवलेला शाफ्ट असतो आणि तिथे सरळ घातला की पटरचा तोलच बदलतो. खरोखर शाफ्ट बदलणारा माणूस या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पटर हातातून खाली ठेवणार नाही. याने विचारलं एकच, “काळा चालेल ना?”

चार दिवस ठेवून घेतला. शाफ्ट चिकटवायची इपॉक्सी पुरती वाळायला एक दिवस लागतो, त्यामुळे चार दिवसांत मला वावगं वाटलं नाही. परत मिळाला तो मस्त दिसत होता. काळा, बिनचकाकीचा शाफ्ट, मधल्या भागात चंदेरी पट्ट्याचं स्टिकर, वर नवी जाड ग्रिप. पाठीमागे वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक रेघ होती. “कार्बनच्या विणीचा जोड आहे, मॅडम.” जुना शाफ्ट मागितला तर म्हणाला, काढताना तोडावाच लागतो, भंगारात गेला. हेही साफ खोटं. स्टीलचा शाफ्ट काढताना मान तापवतात, इपॉक्सी सैल होते आणि शाफ्ट अख्खा हातात येतो. जपून तापवावं लागतं ते ग्राफाइटला, आणि फेसमध्ये प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असेल तर त्याला. मी मान डोलावली. वर कौतुक केलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसे माझे तीन आठवडे बरे गेले. चार-पाच फुटांचे पट, म्हणजे पटरचे फटके, आधीपेक्षा शांत जात होते आणि मी मैत्रिणींना शाफ्टचं माहात्म्य सांगत फिरत होते. त्यांपैकी एकीने त्याच्याकडे पटर द्यायचं पक्कंही केलं होतं. तिला मीच पाठवलं असतं, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

फरक खरा होता, पण शाफ्टचा नव्हता. ग्रिप चार-पाच ग्रॅमने जड झाली की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्याचा आकडा, साधारण एक अंकाने उतरतं. म्हणजे 50 ग्रॅमने दहाएक अंक. शिवाय लांबी दोन इंच कमी केलेली. अर्ध्या इंचाला तीन अंक धरा. हेडचं वजन तेवढंच असून हाताला ते पिसासारखं लागायला लागतं. म्हणूनच कंपन्या आखूड पटरला मुद्दाम जड हेड लावतात, 35 इंचीला 340-350 ग्रॅमचं असेल तर 33 इंचीला 360-370 च्या आसपास. माझ्या हेडच्या तळाला वजनाचे स्क्रू आहेत, ते बदलता आले असते. तो विषयच निघाला नाही. लांबचे पट होलच्या कितीतरी अलीकडे थांबायला लागले तेव्हाही मी दोष स्वतःलाच दिला. शाफ्ट आणि ग्रिप दोन्ही एका दिवशी बदलली की कशाने काय झालं ते कोणाच्या बापाला सांगता येत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. ग्रिप अस्सल होती. तीच तर मेख.

बिंग फुटलं ते नखाने. एका ओळखीच्या गृहस्थांकडे खरा मिश्र शाफ्ट आहे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, वाट बघत उभे असताना त्यांनी सहज टिचकी मारली, आवाज आला ठक्, लाकडासारखा. मी माझ्यावर मारली. टिंग्. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते भले माणूस, म्हणाले, “तुमची कंपनी वेगळी असेल.”

घरी आले ती थेट फ्रिजकडे. दारावरचा लोहचुंबक काढला आणि शाफ्टला लावला. खालच्या टोकाला चिकटणारच, तिथे स्टील असतं. मग एकेक इंच वर सरकवत नेला, की कुठेतरी सुटेल. सुटला नाही. ग्रिपच्या तोंडापर्यंत चिकटतच गेला.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा. देण्याआधी मी पटर तोलून ठेवला होता, कौतुक म्हणून, हिशेब म्हणून नव्हे. 530 ग्रॅम. शाफ्ट 40 ग्रॅमने हलका आणि ग्रिप 50 ने जड, म्हणजे नवा पटर 540 च्या आत बसायला हवा. काटा 573 दाखवत होता. त्याला फोन केला. “इपॉक्सीचं वजन, मॅडम.” अहो, इपॉक्सी लागते एक-दोन ग्रॅम!

उरला एकच मार्ग, ग्रिप कापायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ग्रिप म्हणजे तरी दुसरं काय, मूठच. दहा इंच शाफ्ट ती झाकून बसते. आत बघायचं तर चांगली ग्रिप मारावी लागते, म्हणून कोणी बघत नाही. मी वाकड्या पात्याने तोंडापासून टोपीपर्यंत चीर दिली आणि रबर सालासारखं सोललं.

ग्रिपच्या तोंडापासून दोन बोटं आत काळा रंग संपला होता. रंग नव्हेच, गाड्यांना चिकटवतात तसली फिल्म. त्याच्या वर लख्ख क्रोम, आणि क्रोमवर माझ्या जुन्या ग्रिपच्या टेपचा पिवळा पडलेला डिंक, जसाच्या तसा. फिल्मची कड नखाने उचलली आणि ओढत खाली आले. ती पाठीमागच्या रेघेवरून सरळ उकलत गेली; कार्बनची वीण ती हीच. चंदेरी स्टिकरपाशी फिल्म अडकली. जोर लावला तसा खाली पांढरट खपली गळाली आणि तिच्याखाली नखाएवढा पोचा दिसला.

तो पोचा माझ्या ओळखीचा होता. गेल्या पावसाळ्यात पटर दगडी कठड्यावरून पडला होता तेव्हाचा. नवा शाफ्ट म्हणून जो मी तीन आठवडे मिरवला तो माझाच जुना. वरून दोन इंच कापलेला, पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, वर फिल्म आणि फिल्मवर स्टिकर. मी लांबी कमी करायला दिला, त्याने लांबी भरून परत केला. हेडला त्याने हातही लावला नव्हता. मानेपाशी शाफ्टभोवतीची प्लास्टिकची चकती आधी होती तितकीच जुनाट होती. शाफ्ट खरंच बदलला असता तर तिथे तापल्याची, नाहीतर नव्या इपॉक्सीची काहीतरी खूण राहिली असती. ते बघायला मला ग्रिपही कापावी लागली नसती. बघितलं नाही.

सोललेली फिल्म घेऊन गेले. आवाज न चढवता म्हणाला, “मॅडम, मी कार्बन कोटिंग म्हटलं होतं. तुमचा गैरसमज झाला.” बिल काढलं. त्यावर लिहिलंय ‘पटर सर्विसिंग, नग 1’. शाफ्टचं नाव नाही, वजन नाही, टोकाचा व्यास नाही. बाकी सगळं बोलणं फोनवर, आणि मेसेज एकच, ‘पटर तयार आहे’. मी कुठेही तक्रार केली असती तरी त्या बिलाप्रमाणे त्याचं काम चोख झालं होतं. तासभर बसून राहिले, दोन गिऱ्हाइकं येऊन कान टवकारून गेली, तेव्हा अर्धे पैसे दिले. “ग्रिप मात्र अस्सल होती, ती तुम्हीच कापलीत,” हेही ऐकवलं.

पटर देणार असाल तर एवढं तरी करा. देण्याआधी वजन आणि मानेचा जवळून फोटो. बिलावर शाफ्टचं पूर्ण नाव. जुना शाफ्ट अख्खा परत हवा, हे आधीच सांगून ठेवा. त्यावर चेहरा बदलतो का ते बघा. ग्रिप शाफ्टनंतर महिन्याने. आणि खिशात लोहचुंबक, त्याच्यासमोर लावायला. लाज वाटत असेल तर मला आठवा, मी हसून मान डोलावत होते.

त्या मैत्रिणीला मी सांगितलं. तिने तरीही त्याच्याकडे दिला, फक्त ग्रिपसाठी. म्हणाली, ग्रिप तो छानच लावतो. खरं आहे ते.

माझा पटर आता परत क्रोमचा आहे. फिल्मचा डिंक पुरता निघत नाही, त्यावर गवताची कुसं चिकटतात आणि पोचाही उघडा पडलाय. साधी पातळ ग्रिप मी स्वतःच बसवली, तळाला जड स्क्रू लावले. बसवताना सहज टेपने लांबी मोजली. 33 इंच, तंतोतंत. कापला मात्र बेट्याने अगदी बरोबर.